युनायटेड स्टेट्स विरुद्ध स्टीव्हन्स

प्राण्यांवरील क्रौर्याच्या चित्रणाला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण मिळते का, या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०१० रोजी दिलेला निकाल. मराठी वाचकाला बैलगाडा शर्यतींचा खटला आठवेल. पण तिथे वाद शर्यत भरवण्याचाच होता. इथे प्राण्यांचा छळ सर्व ५० राज्यांत आधीपासूनच गुन्हा होता. वाद होता तो त्याच्या चित्रफितींचा.

मूळ कायदा १९९९ चा. उंच टाचांच्या बुटांखाली उंदीर, मांजरे चिरडण्याच्या फिती विकृत लैंगिक आवडीच्या गिऱ्हाइकांसाठी काढल्या जात. ‘क्रश व्हिडिओ’ हे त्यांचे नाव. पडद्यावर बहुधा पायच दिसत. चेहरा नाही, ठिकाण नाही, तारीख नाही. छळ करणाऱ्यावर गुन्हा शाबीत करणे जवळपास अशक्य, म्हणून अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे संसदेने, फितींनाच हात घातला. नफ्यासाठी असे चित्रण तयार करणे, विकणे किंवा बाळगणे याला ५ वर्षांपर्यंत कैद ठरली. गंभीर धार्मिक, वैज्ञानिक, कलात्मक वगैरे मूल्य असलेल्या चित्रणाला सूट होती. मसुदा मात्र ढिसाळ होता. प्राणी जाणूनबुजून जखमी केला गेलेला वा मारला गेलेला दिसला आणि ते कृत्य जिथे फीत विकली जाते तिथे बेकायदा असले, की पुरे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही करतानाच कायद्याचा वापर लैंगिक विकृतीच्या फितींपुरता ठेवण्याची सूचना दिली होती.

प्रत्यक्षात सापडले ते व्हर्जिनियाचे रॉबर्ट स्टीव्हन्स. त्यांच्या फितींत पिट बुल कुत्र्यांच्या झुंजी होत्या, काही जपानमधल्या, काही १९६०-७० च्या दशकांतल्या. एका फितीत कुत्रा पाळीव डुकराच्या खालच्या जबड्यावर हल्ला करताना दिसतो. शिक्षा ३७ महिने. अमेरिकन फुटबॉलपटू मायकेल व्हिक यांना प्रत्यक्ष झुंजींच्या धंद्याबद्दल २३ महिनेच झाले होते!

अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तो निर्णय कायम ठेवला. अभिव्यक्तीचे मूल्य आणि तिची सामाजिक किंमत तराजूत घालून संरक्षण ठरवावे, ही सरकारची मागणी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी धोकादायक म्हणून फेटाळली. निकालाची खरी मदार शिकारीच्या उदाहरणावर आहे. शिकार देशात सर्वत्र चालते, पण राजधानी वॉशिंग्टनमध्ये तिला बंदी. म्हणजे शिकारीचे साधे मासिक तिथे विकणाराही गुन्हेगार ठरू शकला असता. कायदा तारतम्याने वापरू, या सरकारी आश्वासनाने न्यायालयाचे समाधान झाले नाही. केवळ क्रश व्हिडिओंपुरता कायदा चालेल का, हे मात्र मोकळे ठेवले.

एकटे न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो विरोधात गेले. गुन्हा केल्याशिवाय ही फीत बनतच नाही, हा त्यांचा मुद्दा. बालकांच्या अश्लील चित्रणाविषयीच्या १९८२ च्या फर्बर निकालाचा आधार त्यांनी घेतला. तो युक्तिवाद सहज बाजूला सारण्याजोगा नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसने अश्लील क्रश व्हिडिओंपुरता नवा कायदा केला; २०१४ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. २०१९ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने आंतरराज्य व्यापाराशी वा संघराज्याच्या हद्दीशी निगडित असलेले क्रूर कृत्यच संघीय गुन्हा ठरवले, ७ वर्षांपर्यंत कैदेसह. शिकार, मासेमारी आणि अन्नासाठीची कत्तल त्यातून स्पष्ट शब्दांत वगळली आहे.