आरए फॅक्टर

* आरए फॅक्टर : आमवाताच्या निदानासाठी रक्तात शोधले जाणारे प्रतिपिंड, नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये त्याचे वर्णन केले. मात्र 'फॅक्टर आला म्हणजे आमवातच' हे मान्य करता येत नाही. हिपॅटायटिस सी, क्षयरोग, इतकेच काय, उतारवयातल्या धडधाकट माणसांतही तो सापडतो. पुढे आलेली अँटी-सीसीपी चाचणी बरीच नेमकी. काहींच्या बाबतीत सांधे धरण्याच्या कित्येक वर्षे आधीच ती पॉझिटिव्ह येते. तरी दोन्ही निगेटिव्ह असलेला आमवातही असतोच. सकाळी तासभर मूठ वळत नसेल, बोटांच्या मुळाशी सूज असेल, तर केवळ रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून रुग्णाला परत पाठवू नये. उपचार लांबले तर बोटे कायमची वाकडी होऊ शकतात.