‘विकलेला माल परत नाही’ ही पाटी कशी पुसली गेली

साडी, कुकर, मिक्सर मोबाइलवरून मागवणं आता गावोगावी नेहमीचं झालंय. पण खोक्यातून फुटका किंवा भलताच माल निघाला, की आपण "जाऊ दे, आपलं नशीब" म्हणून गप्प बसतो. पैसे परत मागायचा हक्क मात्र आपल्याला आहे. तो कसा मिळाला, ते आज पाहू.

इंग्रजांच्या काळात, १९३० साली मालविक्रीचा कायदा झाला. माल पारखून घेणं हे गिऱ्हाइकाचं काम, असा त्याचा रोख. खराब मालाची भरपाई मागता यायची, पण दिवाणी कोर्टात. एका पातेल्यासाठी वकील कोण लावणार? म्हणून दुकानातली पाटी राज्य करायची: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

या पाटीपुढे मान न तुकवणाऱ्यांत बायका पुढे होत्या. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासोबत हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली.

२४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले. वकिलाशिवाय स्वतः बोलता येऊ लागलं, आणि मंचावर एक सदस्य महिला असलीच पाहिजे, असं कायद्यानेच ठरवलं.

मग ऑनलाइन बाजार आला. विकणारा दूर दिल्लीला, आपण इथे. तक्रार नेमकी कुठे करायची, यावरच वाद व्हायचा. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येऊ लागली. त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीचे नियम आले. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळा असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची.

म्हणून मैत्रिणींनो, खोकं उघडताना फोटो काढा, जमल्यास व्हिडिओ करा. बिल आणि मेसेज पुसू नका. आधी कंपनीकडे तक्रार करून तिचा नंबर वहीत लिहा. दाद नाही मिळाली तर १९१५ वर फोन करा. तरीही काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दोन वर्षांच्या आत जायचं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

रक्कम तीनशेची असली तरी ती आपल्या घामाची आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा: कुणाचे पैसे अडकलेत? आणि तिथेच, सगळ्या मिळून, पहिला अर्ज लिहा.