मिठाचे पाणी आणि क्लोरीन : एका नावाचा व एका उपकरणाचा इतिहास

पोहण्याच्या ज्या तलावांतील पाणी मिठापासून तेथल्या तेथे निर्माण केलेल्या क्लोरीनने निर्जंतुक राखले जाते, त्यांस ‘खाऱ्या पाण्याचे तलाव’ म्हणण्याचा प्रघात आहे. या नावातून क्लोरीनचा उल्लेख गळला असल्यामुळे अशा तलावात क्लोरीन नसतोच, असा समज अनेकांचा होतो. मीठ स्वतः जंतू मारीत नाही. मारतो तो क्लोरीनच. परिणामी, ज्या उपकरणावर स्नान करणाऱ्यांचे आरोग्य अवलंबून आहे, त्याची निगा राखण्याची निकडच दृष्टीआड होते. म्हणून नाव व उपकरण या दोहोंचा इतिहास एकत्र तपासणे उपयुक्त ठरेल.

या द्रव्याच्या बाबतीत नावाने दिशाभूल होण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. १७७४ मध्ये शीले या स्वीडिश रसायनज्ञाने हा वायू प्रथम वेगळा केला व त्यास ‘फ्लॉजिस्टनविरहित म्युरिॲटिक आम्ल’ असे नाव दिले. ‘म्युरिॲटिक’ हे विशेषण खारवणी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेले आहे. पुढे प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, या लाव्हाझिएच्या मतानुसार ‘ऑक्सिम्युरिॲटिक आम्ल’ हे नाव रूढ झाले. दोन्ही नावांत एकेक सिद्धान्त गृहीत धरलेला होता आणि दोन्ही सिद्धान्त चुकीचे निघाले. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हे मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले व केवळ त्याच्या पिवळसर हिरव्या रंगावरून ग्रीक शब्दाच्या आधारे ‘क्लोरीन’ हे नाव योजले. ज्या नावाने काहीच सिद्ध करण्याचा आग्रह धरला नाही, तेच टिकले.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली असता क्लोरीन मिळतो, हे क्रुकशँक यांना १८०० मध्येच आढळले होते. १८३४ मध्ये फॅरडे यांनी या क्रियेची परिभाषा व तिचे परिमाण निश्चित केले. धनाग्रापाशी क्लोरीन, तर ऋणाग्रापाशी हायड्रोजन मुक्त होतो आणि तेथील पाणी अल्कधर्मी बनते. एक अँपिअरचा प्रवाह तासभर वाहिला, तर फार तर १.३ ग्रॅम क्लोरीन मिळतो. हा हिशेब तेव्हापासून ठाऊक असूनही घरगुती तलावापर्यंत उपकरण पोचावयास दीड शतक लागले. असे का व्हावे?

याचे उत्तर विद्युतअग्रांच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या यूजीन एर्मित यांनी समुद्राच्या पाण्याचे विद्युत अपघटन करून सांडपाणी निर्जंतुक करण्याचे प्रयोग केले. कल्पना आजचीच होती. परंतु प्लॅटिनम महाग, आणि कार्बनची अग्रे झिजून पाण्यात मिसळत. दरम्यान पाणीपुरवठ्याच्या निर्जंतुकीकरणात १८९७ मध्ये इंग्लंडमधील मेडस्टन येथे विरंजक चूर्ण वापरण्यात आले आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीला क्लोरीनयुक्त पाण्याचा नित्य पुरवठा सुरू झाला. कारखान्यात तयार झालेले रसायन आणून पाण्यात घालणे, हाच मार्ग सोयीचा ठरला. १९६५ च्या सुमारास हेन्री बीअर यांनी टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडाचा लेप देण्याची युक्ती शोधली, तेव्हाच फारसे न झिजणारे धनाग्र उपलब्ध झाले. तलावांच्या आजच्या उपकरणांतील पत्रे याच कुळातील होत.

आजची निगा म्हणजे या इतिहासाचाच उर्वरित भाग होय. तलावात लिटरमागे साधारणतः तीन ते चार ग्रॅम मीठ असते. समुद्राच्या सुमारे दशांश. जंतुनाशनानंतर क्लोरीन पुन्हा क्लोराइड बनतो, म्हणून मीठ संपत नाही; ते उडालेल्या व गाळणी धुताना सोडलेल्या पाण्याबरोबर जाते. ऋणाग्रापाशी अल्कधर्मिता वाढल्याने चुन्याची पुटे चढतात. प्रवाहाची दिशा ठराविक काळाने उलटली की ती सुटतात. न सुटल्यास वीज बंद करून, पत्रे बाहेर काढून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवावे लागतात. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात नव्हे. पुटे धातूच्या हत्याराने खरवडल्यास अमोल लेपच निघून जातो. वारंवार आम्ल लावल्यानेही तो झिजतो. या तलावांत सामू चढत जातो, आणि तो ७.५ च्या वर गेला की निम्म्याहून अधिक क्लोरीन कमी प्रभावी रूपात राहतो. तेव्हा उपकरण चालू आहे एवढ्यावरून पाणी सुरक्षित ठरत नाही. क्लोरीन व सामू दोन्ही मोजावे लागतात.

क्लोरीन कमी पडू लागला की मीठ वाढविण्याकडे व्यवस्थापकाचा कल होतो, कारण तलावाच्या नावात मीठच आहे. दोष मात्र पुष्कळदा पुटांत, थंड पाण्यात किंवा झिजलेल्या लेपात असतो. अशा वेळी मिठाच्या गोण्या ओतल्या जातात आणि जंतू तसेच राहतात. शीले यांच्या नावाने रसायनज्ञांना काही दशके चकविले. या नावाची किंमत पोहणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, मोजावी लागते. परिभाषा घडविताना क्रियेचे साधन नव्हे, तर प्रत्यक्ष कार्य करणारे द्रव्य नावात राहील, अशी दक्षता घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. ‘मिठापासून क्लोरीन करणारा तलाव’ हे नाव लांबट खरे. पण त्यात काय मोजावयाचे, ते सांगितलेले आहे.