टेनिसनची राजकन्या आणि मराठी ‘इंदिरा’

मनुष्यस्वभावाचें मर्म सांगणारे कवीचे बोल देशकालाची मर्यादा ओलांडून जातात. परंतु परमुलखांत त्यांस निराळेंच वजन येतें. आंग्ल कवि टेनिसन (1809–1892) याच्या ‘प्रिन्सेस’ या काव्याची हकीकत अशीच आहे.

हें काव्य 1847 सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील राजकन्या आयडा लहानपणीं ठरलेला विवाह नाकारून केवळ स्त्रियांकरितां विद्यापीठ स्थापिते. पुरुषानें तेथें पाऊल टाकल्यास देहान्त शिक्षा! वाग्दत्त राजपुत्र स्त्रीवेषानें आंत शिरतो; पुढें युद्धांत तो घायाळ होतो, विद्यामंदिराचें शुश्रूषागृह बनतें आणि राजकन्येचें मन द्रवतें. स्त्रीच्या उन्नतीवांचून पुरुषाची उन्नति नाहीं, दोघे भिन्न असूनहि परस्परांस पूरक आहेत, हा कवीचा निष्कर्ष. मात्र हा समेट त्यानें विद्यापीठ मोडून साधला, हें न्यून नजरेआड करतां येत नाहीं.

या काव्याच्या आधारें डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (1849–1917) यांनीं 1884 सालीं ‘इंदिरा’ हें मराठी काव्य रचिलें. औषधी वनस्पतींचे हे नामांकित अभ्यासक 1909 च्या बडोदें येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. ‘इंदिरा’ निघाली त्याच वर्षीं पुण्यांत हुजूरपागेची मुलींची शाळा उघडली, आणि तेथील अभ्यासक्रमावर 1887 सालीं ‘केसरी’नें कडक टीका केली. तिकडची कविकल्पना इकडे घरोघरच्या वादाचा विषय होती.

1916 सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. त्यांस स्फूर्ति मिळाली ती जपानांतील महिला विद्यापीठाच्या पुस्तिकेवरून. काव्यांतलें विद्यापीठ मोडलें, हें टिकलें.

कोरपन्याचा मुलूख पूर्वीं निजामाच्या राज्यांत राजुरा तालुक्यांत मोडे. 1959 सालीं तो चांदा जिल्ह्यास जोडला गेला. त्याच जिल्ह्यांत, बल्लारपूर येथें, कर्व्यांच्या विद्यापीठानें 2023 सालीं आपलें केंद्र सुरू केलें. तेव्हां कोरपन्याच्या मुलीस या विद्यापीठाकरितां मुंबई-पुणें गांठावें लागत नाहीं. राजकन्येनें द्वारावर पहारा बसविला होता तो पुरुषांना अडविण्यासाठीं. येथें द्वार मोकळें आहे. अडथळा असलाच तर तो घरच्या उंबऱ्याचा. तो ओलांडण्यास बापानें व भावानें हातभार लावला, तरच टेनिसनचा निष्कर्ष आपण खऱ्या अर्थानें वाचला, असें म्हणतां येईल.