विश्वभारती आणि परकीय द्रव्यसाहाय्य : १९२१ ते १९३७

परकीय द्रव्यसाहाय्याच्या आधाराने आंतरराष्ट्रीय विद्याव्यवहार उभारण्याचे जे प्रयत्न स्वातंत्र्यपूर्व भारतात झाले, त्यांत शांतिनिकेतनातील विश्वभारतीचा प्रयत्न विशेष बोधप्रद आहे. २३ डिसेंबर १९२१ रोजी या संस्थेची विधिवत स्थापना झाली. पहिल्या काही वर्षांतच सिल्व्हाँ लेव्ही, विंटरनिट्झ, स्टेन कोनो यांच्यासारखे प्राच्यविद्यापंडित तेथे अभ्यागत अध्यापक म्हणून येऊन गेले. एवढा व्याप रवींद्रनाथांच्या ग्रंथांचे उत्पन्न आणि व्याख्यानांची मिळकत यांवर चालणे शक्य नव्हते. निधीसाठी त्यांनी १९२०-२१ मध्ये अमेरिकेचा दौरा केला. पण तो अपेक्षेइतका फळला नाही.

या दौऱ्यात एक लाभ मात्र झाला. कॉर्नेल विद्यापीठात कृषिशास्त्राचा अभ्यास करणारा लेनर्ड एल्महर्स्ट हा तरुण इंग्रज रवींद्रनाथांना न्यूयॉर्क येथे भेटला. तो १९२१ च्या अखेरीस शांतिनिकेतनात आला आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये जवळच्या सुरूल गावी ग्रामपुनर्रचनेचे केंद्र सुरू झाले. हेच पुढे श्रीनिकेतन या नावाने प्रसिद्धीस आले. द्रव्य पुरविले ते डोरोथी स्ट्रेट या धनाढ्य अमेरिकन विधवेने. १९२५ मध्ये तिचा एल्महर्स्टशी विवाह झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सुरूल येथील घर रवींद्रनाथांनी १९१२ मध्येच विकत घेतले होते आणि ग्रामसुधारणेचे प्रयोग ते त्याआधीपासून आपल्या जमीनदारीत करीत होते. म्हणजे कार्याची कल्पना संस्थेच्या ठायी आधीच सिद्ध होती. देणगी तिच्या मागून आली. म्हणूनच १९२४ मध्ये एल्महर्स्ट परत गेल्यावरही काम थांबले नाही, आणि साहाय्यही पुढे कित्येक वर्षे मिळत राहिले.

दुसरा प्रसंग याहून निराळा आहे. जानेवारी १९२५ मध्ये रवींद्रनाथ इटलीत थांबले असता रोम विद्यापीठातील संस्कृतचे प्राध्यापक कार्लो फोर्मिकी यांच्याशी त्यांचा परिचय झाला. त्यांनी फोर्मिकींना विश्वभारतीत अध्यापनासाठी येण्याचे निमंत्रण दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्मिकी आले ते मुसोलिनीने भेट दिलेला इटालियन ग्रंथांचा मोठा संग्रह घेऊन. पाठोपाठ चिनी व तिबेटी भाषांचे जाणकार ज्युसेप्पे तूची हेही इटालियन सरकारच्या खर्चाने आले. विद्येच्या दृष्टीने ही देणगी मोलाची होती यात संशय नाही. परंतु समाजवादी प्रतिनिधी मात्तेओत्ती यांचा खून होऊन तेव्हा दीड वर्षही लोटले नव्हते, आणि इटलीतील नव्या सत्तेला जगन्मान्य कवीच्या सद्भावनेची गरज होती.

या सद्भावनेची वसुली १९२६ मध्ये झाली. सरकारी पाहुणचारात रवींद्रनाथ इटलीस गेले, मुसोलिनीस भेटले, आणि त्यांचे उद्गार तेथील वृत्तपत्रांनी फॅसिझमच्या स्तुतीच्या रूपात रंगवून छापले. स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांच्याकडून, तसेच इटलीतून परागंदा झालेल्या मंडळींकडून खरी स्थिती कळताच त्यांनी अँड्र्यूज यांना लिहिलेल्या पत्रात फॅसिझमचा निषेध केला. ते पत्र ऑगस्ट १९२६ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये प्रसिद्ध झाले. परिणामी इटालियन पत्रे त्यांच्यावर तुटून पडली, आणि तूचींना शांतिनिकेतनातून परत बोलावण्यात आले. ग्रंथ राहिले, अध्यापक गेला. वेतन ज्याच्या हाती, अध्यापनाची दोरीही त्याच्याच हाती, हे यावरून स्पष्ट झाले.

चीन भवनाच्या उभारणीत हा धडा काही अंशी उपयोगी पडलेला दिसतो. तान युन-शान हे चिनी अभ्यासक १९२८ मध्ये शांतिनिकेतनात आले. १९३३ मध्ये नानकिंग येथे व पुढील वर्षी शांतिनिकेतनात भारत-चीन सांस्कृतिक संस्था स्थापन झाली. चीनमधून द्रव्य व ग्रंथ मिळाले आणि १४ एप्रिल १९३७ रोजी चीन भवनाचे उद्घाटन झाले. येथेही देणाऱ्यांत राजसत्तेशी निगडित मंडळी होती. तथापि साहाय्य वास्तू आणि ग्रंथालय या स्थावर रूपात आले, आणि ते मागून आणणारा अभ्यासक स्वतःच संस्थेचा होऊन राहिला. १९४९ मध्ये चीनमधील सत्ता पालटली, तरी भवन उभेच राहिले.

तेव्हा परकीय साहाय्य निषिद्ध मानावे, असा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही. ते नाकारले असते तर श्रीनिकेतनही नसते व चीन भवनही नसते. निष्कर्ष निघतो तो इतकाच की, संशोधनाचा प्रश्न संस्थेचा स्वतःचा असावा आणि दाता उद्या रुष्ट झाला तर काय शिल्लक राहील, याचा हिशेब स्वीकारापूर्वीच मांडावा. परकीय देणग्यांच्या नियमनासाठी संसदेने १९७६ मध्ये कायदा केला आणि २०१० मध्ये त्याच्या जागी नवा आणला. पैसा कोठून आला व कसा खर्च झाला, हे असा कायदा तपासू शकतो. दात्याला त्या पैशाच्या मोबदल्यात काय हवे आहे, हे मात्र विद्यापीठालाच ओळखावे लागते. आणि १९२५ मध्ये ते रवींद्रनाथांसारख्या पुरुषालाही वेळीच ओळखता आले नव्हते.