मुंबईत बर्फ, नंदनवनात कूलर

नागपूर, खास प्रतिनिधी

मे महिन्याच्या भर दुपारी, खिडकीत लावलेल्या कूलरच्या टपात दुसरी बादली ओतून 'हिमप्रलय' वाचायला घ्यावी, यासारखी दुसरी गंमत नाही. ज्या वस्तीला इंद्राच्या उद्यानाचे नाव लाभले त्या नंदनवनात पारा ४५ अंशांपुढे सरकलेला असतो आणि पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांवर बर्फाचा थर साचत असतो. डॉ. जयंत नारळीकरांच्या या कथेने प्रस्तुत प्रतिनिधीला शालेय वयात पहिल्यांदा गाठले ते असेच. मुंबईत बर्फ पडला याचे आश्चर्य दोन पानांत ओसरले. तो का पडला, या प्रश्नाने मात्र पुढे अनेक दिवस पिच्छा पुरवला.

कथेतील वसंत चिटणीस या शास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की पृथ्वीला ऊबदार ठेवण्याचे काम समुद्रातील उष्णता करीत असते. ज्वालामुखींच्या उद्रेकांनी वातावरणात धुळीचे आवरण पसरले, ऊन अडले आणि समुद्र पुरेसा थंडावला, तर उंचावरील हवेतील बाष्पाचे सूक्ष्म हिमकण बनतात. ही 'हिऱ्यांची धूळ' सूर्यप्रकाश परतवून लावते आणि थंडी थंडीलाच जन्म देऊ लागते. नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉईल यांनी १९८१ च्या 'आइस' या पुस्तकात हिमयुगांची हीच मीमांसा मांडली होती. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. हिमयुगांच्या कालक्रमासाठी आज पृथ्वीच्या कक्षेतील आणि अक्षातील संथ बदलांकडे, म्हणजे मिलांकोविच चक्रांकडे, बोट दाखविले जाते. परंतु ज्वालामुखीच्या उद्रेकाने पृथ्वी थंडावते, हा भाग निर्विवाद आहे. १८१५ मध्ये तांबोरा फुटला आणि १८१६ हे वर्ष युरोप-अमेरिकेत 'उन्हाळ्याविना वर्ष' ठरले. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबोने जगाचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने खाली आणले.

शास्त्रशुद्ध विज्ञानकथेचे आकर्षण नेमके इथे आहे. लेखक वाचकाकडून एकाच गोष्टीची सूट मागतो. ती एकदा दिली, की पुढचे सारे निसर्गनियमांच्या हवाली. परीकथेतील राक्षस कितीही मोठा होऊ शकतो. इथे तो मोठा झाला तर त्याच्या हाडांना ते वजन पेलेल काय, हा प्रश्न येतोच. वाचकाला हवे तर कागद-पेन्सिल घेऊन लेखकाचा हिशेब तपासता येतो आणि चूक सापडली तर तिचाही आनंद असतो! रहस्यकथेत वाचक गुप्तहेराशी स्पर्धा करतो, इथे तो थेट लेखकाशी करतो.

मराठीत या जातीच्या लेखनाला प्रतिष्ठा मिळाली तिची हकीकत मोठी रंजक आहे. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे भाषण चालू असताना नारळीकरांनी कागद पुढे ओढून 'कृष्णविवर' ही कथा लिहायला घेतली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ती त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठविली. ही त्यांचीच आद्याक्षरे, फक्त उलट क्रमाने. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून प्रत मंगलाताईंच्या हातची होती. जगतापांना पहिला क्रमांक मिळाला. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला, पाठोपाठ 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' या कादंबऱ्या आल्या आणि १९९६ मध्ये 'व्हायरस'. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्या पहिल्या कथेच्या विषयातच हिशेबाची गोडी आहे. आपला सूर्य दाबून कृष्णविवर करायचे तर त्याची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर भरेल. केंद्र नंदनवनात धरले तर सीताबर्डीसुद्धा बाहेर राहील. केंद्रापासून ४ किलोमीटरवर घड्याळ स्थिर धरून ठेवता आले, तर दूरच्या निरीक्षकाला ते निम्म्या वेगाने चालताना दिसेल. मग अंतराळवीराला तिथे पाठवून तरुण ठेवावे काय? तसे जमत नाही. एवढ्या लहान कृष्णविवराजवळ पायांवरची ओढ आणि डोक्यावरची ओढ यांत इतका फरक पडतो, की वीर तिथवर पोहोचण्याआधीच फाटून जाईल. कृष्णविवर कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाचे असेल, तर मात्र त्याच्या सीमेवर ही ताण सौम्य असते. २०१४ च्या 'इंटरस्टेलर' चित्रपटासाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी १० कोटी सूर्यांएवढे, प्रचंड वेगाने स्वतःभोवती फिरणारे कृष्णविवर निवडले ते उगीच नव्हे. तिथल्या एका तासाला पृथ्वीवरची सात वर्षे हे गणित त्यातून बसविता आले. बाप तरुण राहतो आणि मुलगी म्हातारी होते, हा प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो कारण तो सापेक्षतेच्या समीकरणातून आलेला आहे.

वाचक किती कडक परीक्षक असतो, याची साक्ष अमेरिकेत मिळते. लॅरी निव्हन यांच्या 'रिंगवर्ल्ड' या १९७० च्या कादंबरीत सूर्याभोवती एक अवाढव्य कडे बांधलेले आहे. १९७१ मध्ये बोस्टनच्या विज्ञानकथा संमेलनात एमआयटीचे विद्यार्थी 'हे कडे स्थिर राहू शकत नाही' अशा घोषणा देत हिंडले. त्यांचे गणित बरोबर होते. निव्हन यांनी पुढचा भाग लिहून कड्याला सावरणारी यंत्रे बसविली. अँडी वेअर यांची 'द मार्शन' आधी प्रकरणाप्रकरणाने संकेतस्थळावर आली आणि वाचकांनी तिच्यातील रसायनशास्त्र दुरुस्त करून दिले. तरीही सुरुवातीचे वादळ राहिलेच! मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथला वारा यान उलथवू शकणार नाही, हे ठाऊक असूनही कथेसाठी ती सूट घेतल्याचे वेअर मोकळेपणाने मान्य करतात.

या साहित्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यातील माणसे पुष्कळदा पुठ्ठ्याची असतात. प्राध्यापक बोलू लागले, की तीन पाने थांबत नाहीत आणि ऐकणारा मित्र 'म्हणजे कसे?' एवढेच विचारण्यापुरता जिवंत असतो. नारळीकरांच्या कथाही या दोषातून सर्वस्वी सुटलेल्या नाहीत. मराठीत बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली, पण मुख्यतः कथेच्या रूपात. दिवाळी अंकाला कथा हवी असते, त्यामुळे लेखकाचा हात तिलाच सरावतो. तीनशे पाने टिकणारा हिशेब मांडण्याची सवड आणि धीर दोन्ही दुर्मीळ. म्हणून अरुण साधूंच्या 'विप्लवा'ची आठवण ठेवली पाहिजे. वऱ्हाडात जन्मलेला, राजकीय कादंबऱ्यांसाठी गाजलेला हा पत्रकार विज्ञानकादंबरीकडे वळला होता. २००७ मध्ये नागपूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, परंतु त्यांची चर्चा होते ती 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' यांचीच. विदर्भाने तरी त्यांचे हे पुस्तक शोधून वाचावे.

हिशेब तपासण्याची सवय पुस्तकापुरती राहत नाही. कथेत वाचकाला तपासायला लावणाऱ्या नारळीकरांनी फलज्योतिषाचीही तशीच तपासणी केली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या मिळून दोनशे कुंडल्या जमविण्यात आल्या आणि त्यांपैकी ४० - ४० कुंडल्या प्रत्येक ज्योतिषाकडे गेल्या. निकाल कळविणाऱ्या २७ ज्योतिषांच्या अचूकतेचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही ५० टक्के यश मिळाले असते.

आता पुन्हा कूलरकडे. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर' ही २०२० ची कादंबरी उत्तर प्रदेशातील एका गावातील उष्णतेच्या लाटेने उघडते. वीज जाते, लोक तळ्यात उतरतात, पण पाणीच शरीराहून गरम झालेले असते. त्या लाटेत कादंबरीतील दोन कोटी माणसे दगावतात. इथे मारेकरी केवळ पारा नसून दमट हवा आहे. ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचे तापमान, ज्याला 'वेट बल्ब' म्हणतात, ते ३५ अंशांवर गेले तर घाम वाळत नाही आणि धडधाकट माणूससुद्धा सावलीत काही तासांत मरू शकतो. अलीकडच्या प्रयोगांनी तर ही मर्यादा त्याहूनही खाली असल्याचे दाखविले आहे.

नागपूरकराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, कारण त्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर 'वेट बल्ब' तापमान सुमारे २४ अंश येते; कूलर हवेला फार तर तिथवर नेऊ शकतो. हीच हवा ३८ अंश, पण ८० टक्के आर्द्र असेल, तर तो आकडा ३५ च्या जवळ पोहोचतो आणि कूलर नुसताच घरघरतो. पारा सात अंशांनी कमी, धोका मात्र कितीतरी अधिक. कादंबरीतील भारत पुढे जे करतो तेही ओळखीचे वाटते. विमानांनी वातावरणात उंचावर कण फवारून तो पिनाटुबोची नक्कल करतो. 'हिमप्रलया'त शास्त्रज्ञ रॉकेटांनी वातावरणात कण सोडतात ते पृथ्वी तापविण्यासाठी. इथे सोडतात ते थंड करण्यासाठी. दोन लेखक, दोन भाषा, उलट्या दिशा आणि भौतिकशास्त्र एकच.

ज्याला पडताळा पाहायचा असेल त्याने दोन साधे तापमापक आणावेत, एकाच्या टोकाला ओले मलमल गुंडाळावे आणि दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात टांगावेत. मेच्या दुपारी दोन्हींत वीस अंशांचे अंतर दिसू शकते. जुलैत पावसाची झड लागली, की दोन्ही पारे जवळजवळ येऊन उभे राहतात आणि नंदनवनातले कूलर एकेक करून बंद होऊ लागतात.