शेऱ्याच्या रकान्यातला मृत्यू

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोकणातल्या खेड्यात एखादा कुळवाडी मेला, तर त्याच्या मरणाचा कागद होत नसे. पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात जमीन सापडते, वसूल सापडतो, वतनाचे तंटे सापडतात. पण ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याच्या मृत्यूची तारीख शोधायला जावे तर हाती फारसे काही लागत नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा हिंदुस्थानभरचा कायदा आला तो १८८६ साली, आणि ती नोंदणीही ऐच्छिक होती. मात्र त्याच कुळवाड्याचा भाऊ मुंबई बंदरातून जहाजात बसून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात गेला असेल, तर तो कोणत्या वर्षी आला, त्या वेळी त्याचे वय काय होते, बापाचे नाव काय, जिल्हा आणि गाव कोणते, अंगावर कोणती खूण होती आणि तो कधी मेला, हे दीडशे वर्षांनंतरही बऱ्याचदा सांगता येते. गावात राहिलेला भाऊ इतिहासातून पुसला गेला आणि परदेशी राबायला गेलेला कागदावर उरला. हे कुणाच्या उपकाराने झालेले नाही. मॉरिशसमधल्या करारबद्ध मजुराच्या मृत्यूची नोंद शोकासाठी झाली नाही, ती हिशेब मिटवण्यासाठी झाली. ही गोष्ट नीट समजून घेतली, तरच ती नोंद शोधायची कशी आणि तिच्यावर भरवसा किती ठेवायचा, हे कळते.

ब्रिटिशांनी मॉरिशस बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून घेतले. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. पण मळेवाल्यांना हात हवेच होते, म्हणून ती संपण्याआधीच, १८३४ पासून, हिंदुस्थानातून पाच-पाच वर्षांच्या करारावर मजूर नेणे सुरू झाले. मधली काही वर्षे या वाहतुकीवर बंदी होती, ती उठल्यावर १८४२ मध्ये कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून वाहतूक पुन्हा खुली झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. त्यांतला मुंबईचा वाटा लहान, पण रत्नागिरी, सावंतवाडी आणि घाटावरच्या मुलखातली मराठी माणसे त्यातूनच गेली. पोर्ट लुईसच्या इमिग्रेशन डेपोत, म्हणजे आजच्या आप्रवासी घाटावर, प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. तिथून पुढे करार, मळा बदलणे, पगाराची तक्रार, शिक्षा, परतीचा प्रवास, सगळे त्या क्रमांकाखाली लिहिले जाई. एक दिवस कामाला न आलेल्या मजुराचा दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत तिथे होती आणि तिला ‘डबल कट’ म्हणत. असा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला गैरहजर माणूस पळाला आहे की मेला आहे, हे कळणे गरजेचेच होते. पळाला असेल तर पोलीस मागे लावायचे, मेला असेल तर क्रमांक बंद करायचा. म्हणून आगमनाच्या वहीत त्याच्या नावासमोर, कधी वीस तर कधी चाळीस वर्षांनी, दुसऱ्या शाईत एक तारीख पडते आणि तिच्यापाशी ‘मयत’ एवढाच शेरा.

यावर पहिला आक्षेप उघड आहे आणि तो हलका मुळीच नाही. ज्यांनी माणसांना क्रमांक दिले, १८६७ च्या कायद्याने ज्यांनी त्यांच्या गळ्यात फोटो लावलेल्या तिकिटाची सक्ती अडकवली, त्यांचेच कागद त्यांच्या नातवंडांनी प्रमाण का मानावेत? १८७१ मध्ये करार संपलेल्या ९,४०१ जुन्या मजुरांनी मजुरांची बाजू घेणाऱ्या आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या मदतीने याच जाचाविरुद्ध अर्ज केला. त्यानंतर नेमलेल्या फ्रेअर आणि विल्यमसन यांच्या शाही आयोगाने पोलिसांची पासतपासणी आणि मळ्यांवरची वागणूक यांविषयी जे नोंदवले, ते वाचून मान खाली जाते. तरीही माझ्या मते उत्तर असे की कागद कुणाच्या हेतूने झाला आणि कागदात काय आले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मालकाला मृत्यूची तारीख चुकवून फायदा नव्हता. मृत्यूच्या कारणाबाबत मात्र होता. उपासमार, मारहाण आणि वेळेवर न मिळालेले औषध ‘ताप’ या एका शब्दात सहज मावते. म्हणून तारखेवर विश्वास ठेवावा आणि कारणाकडे संशयाने पाहावे. जुलमी दप्तर सगळीकडे सारखे खोटे नसते. त्याचा स्वार्थ जिथे नव्हता तिथे ते बरेचसे खरे बोलते, आणि तो स्वार्थ कुठे होता हे ओळखणे हेच वाचणाऱ्याचे काम.

नावांच्या बाबतीत तर हे दप्तर फारच घसरते, आणि शोध घेणारे नेमके नावापासून सुरुवात करतात. मराठी माणसाचे आडनाव त्या वह्यांत क्वचितच येते. एकच नाव आणि बापाचे नाव, बस्स. ते नाव मराठी कानाने नव्हे, तर फ्रेंच किंवा इंग्रजी वळणाच्या कारकुनाने ऐकले. लक्ष्मणाचा तिथे ‘लक्सिमन’ झाला आणि पुढच्या पिढ्यांत तेच कुटुंबाचे आडनाव झाले. एका बेटावर असे कितीतरी लक्ष्मण उतरले आणि त्यांच्या वंशजांत एकमेकांशी रक्ताचे काहीच नाते नसू शकते. रत्नागिरी तेव्हाच्या इंग्रजी लिखाणात ‘रुतनागेरी’च्या वळणाने येते, सावंतवाडी ‘सावंतवारी’ होते. अशा वेळी नावावर विसंबणारा फसतो आणि क्रमांक धरणारा पोहोचतो. बेटावर जन्मलेल्या मुलाची नोंद इमिग्रेशनच्या वहीत होत नसे. ती फ्रेंच काळापासून चालत आलेल्या नागरी नोंदणीच्या दप्तरात होई, आणि तिथल्या जुन्या दाखल्यांत आई-बाप करारबद्ध मजूर असतील तर त्यांचे क्रमांक लिहिलेले सापडतात. म्हणून शोधाची वाट उलटी चालते. आधी आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल मागायची, त्यातून त्यांच्या आई-बापांची नावे घ्यायची, मग आजोबांच्या जन्माचा किंवा लग्नाचा दाखला काढायचा आणि तिथे क्रमांक मिळाला की मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जायचे. इमिग्रेशनच्या मूळ नोंदवह्या तिथे जपल्या आहेत आणि वंशजांना त्यांचा प्रमाणित उतारा मिळतो. १८६० च्या दशकापासूनच्या नोंदींबरोबर कधी कधी फोटोही असतो. पोलिसांना ओळख पटावी म्हणून काढलेला तो फोटो पुष्कळ घरांत पणजोबांचा एकमेव चेहरा आहे.

दुसरा आक्षेप घरातून येतो. आमची आठवण पुरेशी आहे, कागद कशाला? आठवणीचा मान मलाही आहे, पण बेटावरच्या आठवणीला एक सवय आहे. तिला बंदर लक्षात राहते आणि गाव विसरते. मुंबईहून आलेल्या सगळ्यांनाच मॉरिशसमध्ये ‘बंबई’ म्हणत, मग तो मालवणचा असो की साताऱ्याचा. गणेशचतुर्थीची तिथे सार्वजनिक सुटी असते आणि मराठी वंशाची ओळख अभिमानाने टिकली आहे. पण नेमके गाव विचारले की अनेक घरांत उत्तर थांबते. ते वहीतच मिळते. आता त्या नोंदीला व्यावहारिक वजनही आले आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये जाहीर केले की भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना विशेष तरतुदीने ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळू शकेल. त्यासाठी पूर्वजाशी नाते कागदाने जोडावे लागते, आणि त्या साखळीत मृत्यूचे दाखले दुव्यासारखे येतात.

तरी ही साखळी सर्वांसाठी सारखी पक्की नाही, हे सांगायलाच हवे. केवळ धार्मिक विधीने लागलेले लग्न कायदा दीर्घकाळ मानत नव्हता. त्यामुळे आयुष्यभर संसार केलेली बाई नवऱ्याच्या मृत्यूच्या नोंदीत पत्नी म्हणून दिसेलच असे नाही, आणि तिची मुले कागदावर बिनलग्नाची ठरतात. आजीचा शोध आजोबांपेक्षा अवघड जातो तो इथे. साथींनी तर नोंदीची घडीच मोडली. १८६७ च्या हिवतापात एका वर्षात बेटावरच्या लोकसंख्येचा सुमारे दहावा हिस्सा दगावला. पोर्ट लुईसच्या उत्तरेला ब्वा मार्शांची विस्तीर्ण दफनभूमी त्याच साली उघडावी लागली. तिथल्या बहुतेक गरिबांच्या डोक्याशी नावाचा दगड नाही, आणि ज्या दिवसांत पुरणारे हात अपुरे पडत होते त्या दिवसांत लिहिणारे पुरले असतील, असे मानता येत नाही. सर्वांत मोठी पोकळी मात्र बेटाच्या उंबरठ्यावर आहे. १८५६ मध्ये ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ या जहाजांवरच्या मजुरांना पटकीच्या भीतीने गॅब्रिएल या ओसाड बेटावर ठेवले. तिथे दोनशेहून अधिक माणसे मेली आणि हिंदुस्थान सरकारला काही काळ मॉरिशसची भरतीच थांबवावी लागली. क्रमांक मिळे तो डेपोत उतरल्यावर. वाटेत आणि विलग्नवासात मेलेल्यांना तो मिळालाच नाही. मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ मेलेला असा माणूस मॉरिशसच्या मजूरवहीत नाही, त्याला जहाजाच्या यादीत शोधावे लागते.

आणि परदेशी गेलेल्या मजुराच्या गावी काय झाले? १८७२ च्या पुरावा कायद्याने सात वर्षे वार्ता नसलेला माणूस मेला असे मानायची मुभा दिली. धर्मशास्त्राची मुदत बारा वर्षांची. त्यानंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करायचे आणि तिथी माहीत नसल्याने सर्वपित्री अमावास्येला पान वाढायचे. सर्वपित्रीच्या पानावर अशी किती समुद्रपार गेलेली माणसे जेवून गेली, याचा हिशेब कोकणातल्या कुठल्याही घराला लावता येणार नाही. मोका येथील वहीतल्या तारखेवरून मात्र आज पंचांगाने तिथी काढता येते. अडचण एवढीच, की आजवर शोध जवळपास एकाच बाजूने चालला आहे, मॉरिशसहून भारताकडे. वह्या जहाज आणि क्रमांक यांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. देवगड किंवा राजापूर तालुक्यातल्या एखाद्या घराला आपल्या वंशवेलीत मध्येच तुटलेली फांदी शोधायची, तर त्याच्या हातात क्रमांक नसतो, फक्त गावाचे नाव असते. मुंबईहून गेलेल्या जहाजांच्या नोंदी गाववार लावायला हव्यात, आणि ते काम ज्याला कोकणातल्या वाड्या आणि मजरे तोंडपाठ आहेत त्यानेच करावे. कारकुनाच्या वेड्यावाकड्या अक्षरांत आपले गाव त्यालाच ओळखू येईल.